खान्देशातल्या रीलवाल्या पोरांनो, भुयार राहू द्या : एक खुलं पत्र

खान्देशातले किल्ले, जुनी देवळं, कबरी यांच्यावर व्हिडिओ करणाऱ्या तमाम पोरापोरींना,

रामराम. मी शिरपूरचा. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, आता रिटायर. गुडघे गेलेत त्यामुळे सकाळी गच्चीवर खुर्ची टाकून मोबाईल बघत बसतो आणि त्यात निम्म्याहून जास्त तुमचेच व्हिडिओ असतात. ते मला आवडतात हे आधीच सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा जळतो. एका अंगठ्याने टाइप करतोय, चुका पोटात घाला.

तर विषय असा की गेल्या महिन्यात तुमच्यातल्याच कोणीतरी थाळनेरचं रील टाकलं. धीरगंभीर आवाज, मागे ते ढमढम म्युझिक, आणि म्हणे या किल्ल्यातून एक गुप्त भुयार थेट बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाला निघतं, आत गेलेला परत येत नाही. आमचा नातू आणि त्याचे तीन मित्र टॉर्च, दोरी आणि वेफर्सची पाकिटं घेऊन गेले थाळनेरला. तिघं परत आले धडधाकट, आमचा आला पाय मुरगाळून. मी विचारलं तठे काय शे रे? म्हणे काहीच नै शे आबा, एक खड्डा शे आनि त्यात एक चप्पल.

अरे बाबांनो, थाळनेर ते असीरगड म्हणजे किती होतं माहितीय का? मी टप्पे मोजून तिकिटं फाडलीत, शंभर किलोमीटरच्या वर जातं ते. वाटेत अनेर, गुळी, मोर, सुकी एवढ्या नद्या. एवढ्यांच्या पोटाखालून भुयार काढणारा माणूस असता तर त्याने पहिले तापीवर पूल नसता का बांधला? आणि जरा डोकं लावा, अकबर बादशहाने असीरगडाला वेढा घातला होता, महिनोन्‌महिने चालला तो, आत रोगराई पसरली, माणसं मेली, शेवटी म्हणतात किल्ल्यातल्या लोकांना पैसा चारला आणि १६०१ च्या जानेवारीत किल्ला पडला. भुयार असतं तर ती आतली माणसं एवढे दिवस मरत बसली असती का, सरळ थाळनेरला येऊन तापीत आंघोळ करून गेली असती की.

माझं भांडण एवढंच आहे की खोटं रचायची गरजच काय तुम्हाला. आपल्या खान्देशात खरं जे घडलंय ते इतकं विचित्र आहे की तुमचं भुयार त्याच्यापुढे शेंबडं वाटतं, फक्त ते कोणी वाचत नाही. मी वाचलं. धुळ्याला मुक्काम पडला की लोक पिक्चरला जायचे, मी लायब्ररीत जाऊन बसायचो, पंखा चांगला होता तिथे हे पण एक कारण.

आता असीरगड निघालाच आहे तर पुढचं ऐका. किल्ला घेतल्यावर अकबराने खान्देश दिला धाकट्या पोराला, दानियालला, आणि त्याच्या नावावरून मुलखाचं नावच बदलून टाकलं, दांदेश. म्हणजे काही काळ आपण सगळे दांदेशी होतो. आता हा दानियाल राहायला बुऱ्हाणपूरला आणि दारूत पार बुडालेला. त्याच्या आधीचा भाऊ मुराद दारूपायीच गेलेला, म्हणून बापाने हुकूम सोडला की याच्यापर्यंत दारूचा थेंब पोचता कामा नये, आणि पहाऱ्याची जबाबदारी सासऱ्यावर टाकली. सासरा कोण? अब्दुल रहीम खानखाना, तोच, ज्याचे दोहे तुम्ही हिंदीच्या पेपरात अर्थ लिहून पाठ केलेत. रहीमदादाने पहारे बसवले. दानियाल नोकरांच्या पाया पडायला लागला की कसंही करून आणा. आणि त्याची एक लाडकी शिकारीची बंदूक होती, तिच्यावर त्याने शेर केला होता आणि हौसेने नाव ठेवलं होतं यक्का-ओ-जनाजा, म्हणजे जिची गोळी लागली त्याचा जनाजाच उठला समजा. त्याच बंदुकीच्या नळीत दारू भरून आणली एकाने. दोनदा गाळलेली, कडक. नळीतला गंज आणि जुन्या बारुदाची काजळी त्यात उतरली, हा ती प्यायला आणि आडवा झाला तो परत उठलाच नाही. १६०५ साल. बंदुकीचं नाव शेवटी मालकावरच खरं झालं. आणि ही गोष्ट कोण सांगतं, तर त्याचा सावत्र भाऊ जहांगीर, स्वतःच्या आठवणींत, जो स्वतः काय कमी पीत नव्हता.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा एकटाच हसलो होतो. शिरपूर-सेंधवा लाइनवर ड्युटी केलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. बॉर्डरवरून माल कशाकशातून यायचा हे मी बघितलंय, दुधाची कॅन, सायकलची ट्यूब, एकदा तर बाळाच्या झोळीत बाळाच्या खाली. बंदूक तेवढी बघायची राहिली. या बुऱ्हाणपूरवर तुम्ही मुमताजची पहिली कबर एवढंच शंभरदा दाखवता, दानियाल कोणालाच सुचत नाही.

आता थाळनेरच. माझं आजोळ त्या बाजूला, लहानपणी तापीच्या पात्रात टरबुजाच्या वाड्या असायच्या आणि किल्ल्याच्या ढिगाऱ्यावर बसून आम्ही टरबूज फोडून खायचो, बिया थुंकायची शर्यत लावायचो. आपण कशावर बसलोय याची काडीची कल्पना नव्हती. खान्देशावर राज्य करणाऱ्या फारुकी राजांची पहिली गादी इथली. मलिक राजाने १३८२ साली इथून स्वतंत्र कारभार सुरू केला आणि १३९९ ला वारला तो इथेच पुरलाय, गावात ते घुमट आहेत ना, त्यातला एक आठ कोनांचा आहे, त्याच्यावरचं नक्षीकाम जवळ जाऊन बघा. ड्रोनने वरून घेतलं की नुसता लाडू दिसतो तो.

पण माझ्या डोक्यातून जी गोष्ट जात नाही ती २७ फेब्रुवारी १८१८ ची. महिदपूरला होळकर हरले, मंदसोरला तह झाला, त्यात आपला हा मुलूख इंग्रजांकडे गेला. कागदावर गेला. आता तो ताब्यात घ्यायला जनरल थॉमस हिस्लॉप फौज घेऊन सेंधव्याकडून खाली उतरला आणि थाळनेरला आला. किल्लेदार होता तुळशीराम मामा. त्याला सांगितलं किल्ला सोड, तुझ्या मालकाने सही केलीय, न सोडशील तर बंडखोर समजू. मामाने तोफा डागल्या. दुपारपर्यंत इंग्रजांच्या तोफांनी बाहेरचे दरवाजे खिळखिळे केले, मग किल्लेदार स्वतः बाहेर आला, स्वाधीन झाला. इथे गोष्ट संपायला पाहिजे होती की नाही? पण एकामागे एक दरवाजे होते, इंग्रजांचे काही अधिकारी आणि शिपाई आत जात जात शेवटच्या दरवाज्याच्या दिंडीतून, म्हणजे त्यातल्या छोट्या दारातून, आत शिरले, आत अरब शिपाई, आणि कोण काय म्हणतंय ते समोरच्याला कळेना. शस्त्रं खाली ठेवा म्हणायचं असेल, जीव वाचेल म्हणायचं असेल, देव जाणे. झटापट झाली, मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर तिथल्या तिथे मेले. मग बाहेरचं सैन्य आत घुसलं आणि आतली जवळपास तीनशे माणसं कापून काढली. आणि संध्याकाळी त्या तुळशीराम मामाला, जो झटापट झाली तेव्हा आत नव्हताच, त्यांच्याच ताब्यात होता, त्याला फाशी दिली.

माझ्या बसमध्ये मी एकदा बघितलं होतं, एक पावरा म्हातारा आणि एक सुरतेचा व्यापारी सीटवरून भांडले, दोघं एकच गोष्ट म्हणत होते, पण याची पावरी, त्याची गुजराती, हमरीतुमरीवर आले आणि मला डबल बेल मारून गाडी थांबवावी लागली. तेव्हा मला थाळनेरचा तो दिंडी दरवाजा आठवला होता. तिथे बेल मारायला कोणी नव्हतं.

आणि यातली खरी विचित्र बाजू पुढेच आहे. हे प्रकरण लंडनला गेलं. १८१९ साली तिथल्या पार्लमेंटात या लढाईतल्या सेनापतींच्या आभाराचा ठराव आला, तर लोकांनी उठून विचारलं की बाकी ठीक आहे, पण थाळनेरच्या त्या किल्लेदाराला कुठल्या कायद्याने लटकवला? आणि आभार मानताना ही फाशी त्या आभारातून बाजूला ठेवली. म्हणजे बघा, तापीकाठच्या एका किल्लेदाराच्या गळ्यातल्या दोरीवर विलायतेत वाद झाला, आणि इथे शिरपूर स्टँडवर उभं राहून दहा जणांना विचारा तुळशीराम मामा कोण, एक जण म्हणेल कोणत्या गल्लीतले?

याच्यावर करा ना रील. भुयार नको, फक्त तो दरवाजा.

भुसावळवाल्यांनो, तुमच्यावर तर माझा जास्त राग आहे. अजिंठ्याच्या पारो आणि गिलसाहेबाची लव्हस्टोरी सगळ्यांनी करून झाली, प्रत्येकाने केली, गुलाबाच्या पाकळ्या उडवून केली. पारोची कबर अजिंठा गावात आहे, १८५६ ला गेली ती, तिथे तुम्ही सगळे जाता. पण मेजर रॉबर्ट गिल पुरलाय कुठे? तुमच्या भुसावळच्या जुन्या ख्रिश्चन कब्रस्तानात! १८७९ ला गेला. मी मुद्दाम गेलो होतो एकदा, ड्युटी संपल्यावर, कपड्यांना डिझेलचा वास, खांद्याला ती चामड्याची बॅग तशीच. रेल्वेचे लोक बरेच पुरलेत तिथे, गवत कमरेएवढं आणि एका कबरीवर बोकड उभा होता अगदी फोटोला उभा राहावा तसा. मी थोडा वेळ बसलो आणि निघालो, कोणी विचारलं पण नाही की बाबा कोणाकडे आलात.

हा माणूस १८४४ ला अजिंठ्याला आला लेण्यांतल्या चित्रांच्या नकला काढायला, तैलरंगात, मोठमोठ्या कापडांवर. तेव्हाची लेणी म्हणजे वटवाघळं, अंधार, मधमाश्या, ताप. वर्षानुवर्षं काढत बसला. ती चित्रं विलायतेला गेली, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगली, आणि १८६६ च्या डिसेंबरात त्या इमारतीला आग लागून जवळजवळ सगळी जळाली, बोटावर मोजण्याइतकी वाचली. त्यानंतर मुंबईच्या जेजे स्कूलचे ग्रिफिथ्ससाहेब आणि त्यांची पोरं आली, परत सगळं नव्याने काढलं, १८७२ पासून पुढे तेरा-चौदा वर्षं चाललं ते काम. ती पण लंडनला पाठवली आणि १८८५ ला तिथे पण आग लागून त्यातली बरीच जळाली. मूळ चित्रं आपल्या डोंगरात दीड-दोन हजार वर्षं टिकली आणि सांभाळायला म्हणून केलेल्या नकला दोनदा लंडनला जाऊन जळाल्या. यात तुम्हाला रहस्य दिसत नाही, आणि खड्ड्यातल्या चपलेत दिसतं.

जाऊ द्या. राग राग करून बीपी वाढतं.

सगळ्यात आवडती गोष्ट मात्र मी चाळीसगावच्या पोरांसाठी राखून ठेवली. पाटणादेवीला तुम्ही धबधब्यासाठी जाता, पावसाळ्यात सेल्फीला जागा मिळत नाही. तिथल्या शिलालेखाजवळ कोणी थांबतं का? डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. त्यात काय लिहिलंय, तर भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता, त्याने इथे एक मठ काढला. कशासाठी? आजोबांचं गणित शिकवायला! सिद्धान्तशिरोमणी, जो आजोबांनी ११५० साली वयाच्या छत्तिसाव्या वर्षी लिहिला, लीलावती त्यातलाच एक भाग. शके ११२८, म्हणजे १२०६-०७ च्या सुमारास निकुंभ घराण्यातल्या सोइदेव राजाने या मठाला दान दिलं.

इथवर संस्कृत आहे. आणि मग एकदम मराठी सुरू होते, जुनी, ज्ञानेश्वरीच्याही ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं आधीची. कारण सरळ आहे, पुढे बाजारातली देणी लिहायची होती आणि ती ज्याने द्यायची त्याला कळली पाहिजेत. पाटणात जो माल विकायला येईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला जे मिळायचं ते मठाला दिलं. पाच पोफळी, म्हणजे सुपाऱ्या, गिऱ्हाइकाकडून. आणि जेवढे घाणे चालतील त्या प्रत्येकामागे ‘पळी पळी तेला’. आणि इथे जे काही मापायचं ते मठाच्या मापानेच मापायचं.

पळी पळी तेल! आमच्या गावात घाणा होता मी लहान असताना, बैलाच्या डोळ्यांवर झापडं, तो आपला गोल गोल फिरतोय, लाकूड करकरतंय, ओल्या पेंडीचा वास सगळ्या गल्लीत, आणि तेली बाबा डब्यातून लांब दांड्याची पळी बुडवून तेल काढायचा, आमच्या बाटलीच्या तोंडावर धरायचा आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत पळी हलवायची नाही, आई बघत असायची ना. तो शेवटचा थेंब. सव्वाआठशे वर्षांपूर्वी तसाच थेंब पाटणच्या घाण्यावर मठाच्या भांड्यात पडत असणार आणि त्या तेलाच्या दिव्याखाली कोणीतरी पोरगं त्रैराशिक सोडवत बसलं असणार, चुकलं की गुरुजींच्या शिव्या खात असणार. दिव्याचं आणि शिव्यांचं मी माझ्या मनाने लिहिलं हां, दगडावर फक्त तेल आहे. बघा, एवढं सांगायचं असतं. दगडावरचं कुठलं आणि मनातलं कुठलं.

बाकी चिल्लर-खुर्दा बराच आहे माझ्याकडे. एदलाबादजवळच्या, आता मुक्ताईनगर म्हणा, माणेगावला १८४३ साली आभाळातून दगड पडला. शास्त्रज्ञ त्याच्या जातीला डायोजेनाइट म्हणतात आणि ही जात वेस्टा नावाच्या लघुग्रहावरून सुटून आलेली मानतात, मंगळ आणि गुरूच्या मधे फिरतो तो. तुमच्या एलियनवाल्या व्हिडिओंना एवढा आयता माल आणि तुम्ही शेतातल्या गोल खुणा दाखवता.

चिमठाण्याचं तर शिंदखेड्यावाल्यांना माहिती असेलच. १४ एप्रिल १९४४, धुळ्याहून नंदुरबारला चाललेला सरकारी खजिना क्रांतिकारकांनी रस्त्यात लुटला, साताऱ्याकडच्या पत्री सरकारची माणसं, नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. बापू लाड, आणि इकडचे डॉ. उत्तमराव पाटलांसारखे लोक मदतीला. साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम, तेव्हाची. त्या रोडवर मी शेकडो फेऱ्या मारल्या, चिमठाणे आलं की हे आठवायचंच. पण तारीख बघा परत एकदा. त्याच दिवशी दुपारी चारच्या सुमारास मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला. जहाजात दारूगोळा, कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा एकत्र भरल्या होत्या, कोणत्या शहाण्याने भरल्या कोण जाणे. शेकडो माणसं गेली, निम्मा डॉक जळाला आणि सोन्याच्या विटा उडून लांब लांब जाऊन पडल्या. म्हणजे एकाच दिवशी इंग्रज सरकारचा पैसा खान्देशात रस्त्यावर लुटला जातोय आणि मुंबईत आभाळातून सोनं पडतंय. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. संबंध लावू नका प्लीज, मला माहितीय तुमच्यातला एखादा लावणार.

एक गोष्ट मात्र गंमत म्हणून लिहीत नाहीये. तुमच्या व्हिडिओखाली लोक विचारतात, भाऊ खजिना नक्की कुठे, लोकेशन टाका. आणि तुम्ही तिथे डोळा मारणारी स्माइली टाकता. आमच्या भागात एका गावाबाहेरची जुनी कबर रातोरात खोदली कोणी तरी. सकाळी मी चालायला गेलो तर मातीचा ढीग, चिरलेली लिंबं, हळदकुंकू आणि दगड दोन तुकडे होऊन पडलेला. त्यावर अक्षरं होती. होती. त्या दगडावर काय लिहिलं होतं ते आता कोणालाच कळणार नाही, आणि खाली काय सापडलं असेल तर हाडं. म्हणून ती स्माइली टाकू नका. आणि साल सांगा, गाव सांगा, कुठे वाचलं ते सांगा, एवढं केलं तरी पुरे. ‘असं म्हणतात’ हे म्हणायला पण हरकत नाही, आपल्याकडे म्हणणारे कमी आहेत का. चाळीसगावच्या फोटोग्राफर केकी मूसबद्दल म्हणतातच की तो रोज रात्री पंजाब मेलच्या टायमाला प्रेयसीची वाट बघत दार उघडं ठेवायचा, सांगा खुशाल, पण त्याने घरात बसून टेबलावर साध्या वस्तू मांडून जे फोटो काढले तेही दाखवा ना दोन मिनिटं, बंगला स्टेशनजवळच आहे.

तर आता कामाचं. नातवाचा पाय बरा झालाय. येत्या रविवारी आम्ही भुसावळला चाललोय, गिलसाहेबाकडे. विळा आणि पाण्याचा कॅन घेतलाय, गवत जरा काढू म्हणतोय, तिथल्या माणसाला विचारून. ज्याला यायचंय त्याने यावं. कॅमेरा आणा, पण म्युझिक नंतर टाका, आणि बोकड असला तर त्याला हाकलू नका, तो तिथला जुना आहे.

तुमचा,
शिरपूरचा एक रिटायर कंडक्टर